वाचकांचे प्रश्न : जांघेतील अवधाण, कुत्र्याचा ओरखडा आणि नागिणीचा विळखा

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत ताप, जखमा, लसी आणि 'इम्युनिटी' यांविषयीच्या पत्रांची संख्या सर्वाधिक आहे. त्यांपैकी सहा पत्रे येथे संक्षेपाने दिली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : गेल्या महिन्यात शेतात बाभळीचा काटा पायात मोडला. तळव्याला ठणका होताच, पण तिसऱ्या दिवशी जांघेत अवधाण आले. जखम तळपायाला आणि गाठ जांघेत, असे का व्हावे? माझी आजी म्हणत असे की, अवधाण आले म्हणजे विष वर चढले. गाठीवर लेप लावावा का? (एक शेतकरी, परभणी जिल्हा)

उत्तर : पायाकडून जांघेकडे काहीतरी वर चढते, हे आपल्या आजीचे निरीक्षण अचूक होते. नेमके काय चढते, ते पाहू.

काटा मोडतो तेव्हा त्याच्या टोकाबरोबर मातीतील आणि कातडीवरील जिवाणू आत ढकलले जातात. कातडीच्या खालच्या थरात भक्षकपेशी कायम ठाण मांडून बसलेल्या असतात. समोरचा जिवाणू कोणत्या जातीचा आहे, हे त्यांना कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. जिवाणूंच्या भिंतीत असणारे आणि माणसाच्या शरीरात कधीच न आढळणारे काही ठरावीक घटक त्यांना जाणवतात आणि तेवढ्यावर त्या इशारा देतात. त्या इशाऱ्याने आसपासच्या केशवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो. लाली, ऊब, सूज आणि ठणका ही सारी त्याचीच लक्षणे होत. काही तासांतच रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या आतल्या बाजूला चिकटतात, तेथील फटींतून अंग चोरून बाहेर पडतात आणि काट्याच्या दिशेने सरकतात. त्या जिवाणू गिळतात, मारतात आणि बहुतेक तेथेच मरतात. काटा काढताना जो पिवळट पू आला असेल, तो मुख्यतः या मेलेल्या पेशींचाच होता.

आपल्या पत्रातील काट्यामुळे मला एक जुना प्रयोग आठवला. रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ हे १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत असताना तारामाशाच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. त्यांनी बागेतील गुलाबाचा काटा आणून एका अळीच्या कातडीखाली खुपसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर अळीच्या अंगातील फिरत्या पेशी काट्याभोवती गर्दी करून जमल्या होत्या. परक्या वस्तूला वेढणे आणि गिळणे हाच शरीराचा बचाव आहे, हा विचार त्यांना तेथे सुचला, आणि पुढे १९०८ मध्ये पॉल एर्लिक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या तळव्यात पहिल्या दिवशी जे झाले, ते त्या अळीत झाले तेच.

तिसऱ्या दिवशी जे झाले, ते मात्र तारामाशाला जमणारे नाही. जखमेजवळ आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. फांद्यांसारख्या फुटव्यांमुळे त्यांना डेंड्रायटिक, म्हणजे शाखायुक्त, पेशी म्हणतात. त्या जिवाणूंचे तुकडे स्वतःच्या अंगावर घेऊन लसीकावाहिन्यांतून निघतात. लसीकावाहिन्या म्हणजे पेशींच्या आसपास साचलेला द्रव गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणारे पाट. पायाचे पाट जांघेत येतात, हाताचे काखेत आणि घशाचे मानेत, आणि तेथे वाटेवर गाठी असतात. या गाठींत लिम्फोसाइट नावाच्या असंख्य पांढऱ्या पेशी थांबलेल्या असतात व त्यांतील प्रत्येकीला एखादाच आकार ओळखता येतो. इतके वेगवेगळे आकार ओळखणाऱ्या पेशी शरीर आधीपासून कशा तयार ठेवते, याचे उत्तर सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दिले : जनुकांचे मोजकेच तुकडे पत्त्यांसारखे पिसून शरीर नवनवे जोड लावत राहते. तळव्याकडून आलेला तुकडा या गर्दीतील ज्या पेशीला जुळतो, ती पेशी वाढू लागते, एकीच्या दोन, दोनाच्या चार अशी तिची प्रजा होते, आणि तोवर इतर लिम्फोसाइट पेशींनाही गाठीतून बाहेर पडू दिले जात नाही. म्हणून गाठ फुगते, ताणली जाते आणि दुखते. चढली ती बहुतांशी हीच वार्ता होती.

बहुतांशी म्हणण्याचे कारण असे की, काही रोगांत जिवाणू स्वतःच वर चढतात आणि गाठीलाच आपले घर करतात. आपल्या पणजोबांच्या पिढीला ज्या रोगाने गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला लावले, त्या प्लेगला मराठीत 'गाठीचा ताप' म्हणत, ते याचमुळे. पिसू बहुधा पायाला चावे आणि गाठ जांघेत येई. १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यावरची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. परळच्या ज्या संस्थेला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे, तिचा उगम त्या खोलीत आहे.

गाठीवर लेप लावून काही साधत नाही आणि ती चोळू नये. उपाय पायाला हवा : काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना, हे पाहावे, जखम साबण-पाण्याने स्वच्छ करावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन मुदतीत घेतलेले नसल्यास घ्यावे. धनुर्वाताच्या जिवाणूचे विष इतके जहाल असते की, जीव घेण्यास पुरेशी मात्रासुद्धा शरीराला ओळख पटण्यास अपुरी पडते, त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते. जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसली, थंडी वाजून ताप आला किंवा आपल्याला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जखम भरल्यावरही गाठ दोन-तीन आठवडे तशीच राहिली, न दुखता वाढत गेली किंवा मानेत गाठींची माळ दिसू लागली, तर तपासणी टाळू नये. जुने लोक ज्याला गंडमाळ म्हणत, तो बहुधा गाठींचा क्षयरोग असतो आणि तो औषधांनी पूर्ण बरा होतो.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला वरचेवर सर्दी-ताप येतो. पूर्वी औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून दिले की, चार-पाच दिवसांत तो बरा होत असे. नवे डॉक्टर मात्र ते देत नाहीत; विषाणूचा ताप आहे, आपोआप उतरेल, असे म्हणतात. शेंबूड हिरवा झाला तरी औषध नको, हे मला पटत नाही. (एक शिक्षिका, कराड)

उत्तर : आपल्या डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे. रोजच्या बोलण्यात आपण जिवाणू आणि विषाणू या दोघांनाही 'जंतू' म्हणतो आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. जिवाणू ही एक पूर्ण पेशी असते. तिला स्वतःची भिंत असते, ती अन्न घेते, प्रथिने बनवते, आणि अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. विषाणूकडे यांतले काहीच नसते. प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेली हुकमाची चिठ्ठी एवढेच त्याचे स्वरूप. ही चिठ्ठी पेशीत पोहोचली की, पेशी आपली कामे बाजूला सारून त्या हुकमाप्रमाणे नवे विषाणू घडवू लागते. सर्दीचा नेहमीचा विषाणू ज्वारीच्या दाण्याएवढा मानला, तर जिवाणू नारळाएवढा भरेल आणि नाकाच्या अस्तरातील ज्या पेशीत तो शिरतो, ती छातीइतक्या उंच कणगीएवढी. वर्गात मुलांना समजावताना हे प्रमाण आपल्याला उपयोगी पडेल.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये आढळलेले पेनिसिलिन जिवाणूच्या भिंतीचे बांधकाम अडवते. भिंत कच्ची राहिली की, जिवाणू आत शिरणाऱ्या पाण्याने फुगून फुटतो. आपल्या पेशींना तशी भिंत नसते, म्हणून हे औषध त्यांना इजा करत नाही, आणि विषाणूलाही ती नसते, म्हणून विषाणूलाही करत नाही. इतर काही प्रतिजैविके जिवाणूच्या प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतात. विषाणू त्या कामासाठी आपल्याच पेशीची यंत्रणा वापरतो, त्यामुळे तीही निरुपयोगी ठरतात.

हिरव्या रंगाचे म्हणाल, तर तो जंतूंचा रंग नव्हे. न्यूट्रोफिल पेशींत जंतू मारण्यासाठी असलेले एक विकर मुळातच हिरवे असते आणि त्या पेशी नाकात मोठ्या संख्येने उतरल्या की, शेंबूड हिरवट दिसतो. पूर्वी चार-पाच दिवसांत मुलगा बरा होत असे, तो औषधाविनाही झाला असता, कारण त्या विषाणूची ओळख पटून त्याच्याविरुद्धच्या पेशी पुरेशा संख्येने तयार व्हायला साधारण तेवढाच अवधी लागतो. वरचेवर सर्दी होण्याचीही काळजी करू नये. सर्दीच्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून अधिक प्रकार आहेत; एकाची ओळख दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि शाळेत जाणाऱ्या लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक आहे.

दिलेले अँटिबायोटिक मात्र वाया जात नाही, हीच खरी चिंतेची गोष्ट आहे. ते मुलाच्या आतड्यातील आणि घशातील निरुपद्रवी जिवाणूंवर काम करते, त्यांतील दुबळे मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात. जिवाणू हा गुण जनुकाच्या तुकड्याच्या रूपाने दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. उद्या त्याच मुलाला न्यूमोनिया झाला, तर हेच औषध हाताशी असूनही चालणार नाही. औषधाच्या पट्टीवर लाल उभी रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, एवढे घरात सर्वांना सांगून ठेवावे. कान फुटणे, खोकला-सर्दी नसताना घसा लाल होऊन तीव्र दुखणे, श्वासाचा वेग वाढणे, उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा चढणे, अशा वेळी मात्र डॉक्टरांकडे जावेच. यांतील काही आजार जिवाणूंचे असतात. घशाच्या एका जिवाणूमुळे पुढे हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात. तेथे दिलेले अँटिबायोटिक सांगितलेले सर्व दिवस घेणे अत्यंत आवश्यक आहे.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटरीला गल्लीतील पिल्लाचा दात लागला, थोडे रक्त आले. आरोग्य केंद्रात लस दिली आणि जखमेच्या जागी वेगळे, फार दुखणारे इंजेक्शनही दिले. लस रोग होण्यापूर्वी घ्यायची असते ना? मग चावल्यानंतर घेऊन तिचा काय उपयोग? सासूबाई म्हणतात की, पिल्लू लहान आहे, उगाच मुलीचे हाल नकोत, उरलेली इंजेक्शने राहू द्या. (एक गृहिणी, सोलापूर जिल्हा)

उत्तर : उरलेले एकही इंजेक्शन चुकवू नका. हे उत्तर छापून येण्यापूर्वीच आपल्याला पत्राने तसे कळवले आहे.

रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो, काही काळ तेथील स्नायूत राहतो आणि मग जवळच्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो. त्यानंतर तो रक्तातून न जाता मज्जातंतूच्या आतून मेंदूकडे सरकतो, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर या वेगाने. मज्जातंतूच्या आत तो आपल्या रक्षक पेशींच्या नजरेआड असतो. मेंदूत पोहोचून लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ हमखास प्राण घेतो. परंतु या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित एखादा आठवडा, तर क्वचित वर्षही. चावल्यानंतर दिलेली लस कामी येते, ती या सवडीमुळे. लस दंडात दिली जाते, तिची वार्ता काखेतील गाठीत पोहोचते, आणि सात ते चौदा दिवसांत रेबीजविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, रक्तात दिसू लागतात. विषाणू मज्जातंतूत शिरण्यापूर्वी ती पोहोचली, तर मुलगी सुरक्षित. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्याच मुलाला लस टोचायला सुरुवात केली, ती हाच हिशेब मनात धरून, आणि तो मुलगा वाचला.

दुखणाऱ्या इंजेक्शनाचे कारणही या हिशेबातच आहे. लसीने शरीर जागे होईपर्यंतचे सात-आठ दिवस जखमेला संरक्षण नसते. तेवढ्या काळासाठी दुसऱ्या शरीरात बनलेली तयार प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, थेट जखमेत आणि तिच्या कडेने भरतात, म्हणजे विषाणू जेथे आहे तेथेच पकडला जातो. रक्त आलेल्या प्रत्येक चाव्याला हे द्यावे लागते. पहिल्या लसीनंतर सात दिवस उलटले की ते देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे येऊ लागलेली असतात. तयार प्रतिपिंडे उसनी देता येतात, हे एमिल फॉन बेहरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये दाखवून दिले. सर्पदंशावर आपल्याकडे दिले जाणारे, घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवलेले औषध त्याच तत्त्वावर चालते. उसनी प्रतिपिंडे काही आठवड्यांत संपतात आणि मागे आठवण ठेवत नाहीत. आठवण लसच ठेवते, आणि म्हणून दोन्ही लागतात. याच आठवणीमुळे आपल्या मुलीला पुढे कधी कुत्रा चावलाच, तर फक्त दोन इंजेक्शने पुरतील आणि जखमेतील ते दुखणारे इंजेक्शन लागणार नाही.

सासूबाईंच्या मनात पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची भीती असावी. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात. स्नायूत दिल्यास पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, कातडीत दिल्यास तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पिल्लू लहान असणे ही सुरक्षिततेची खूण मुळीच नाही. मी उमेदवारी करत असताना रेबीजचा एक रुग्ण पाहिला होता. तो पूर्ण शुद्धीवर होता, तहानलेला होता, पाण्याचे भांडे स्वतः हाताने उचलत होता, आणि ते ओठांजवळ येताच त्याचा गळा आवळला जाऊन सारे पाणी चादरीवर सांडत होते. त्याने भांडे खाली ठेवून पुन्हा उचलले, असे तीनदा. त्याच्या बोटाला दोन महिन्यांपूर्वी घरच्याच पिल्लाचा दात लागला होता आणि त्या जखमेवर चुना लावला होता.

जखमेवर चुना, मिरची, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे, घड्याळ लावून, जखम धुवावी. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबणाने ते विरघळते, त्यामुळे हे धुणे हाच उपचाराचा पहिला भाग होय.

प्रश्न : माझ्या अडुसष्ट वर्षांच्या आईला कमरेभोवती नागीण झाली आहे. शेजारी म्हणतात की, नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो. त्यांनी गेरू लावून मंत्र घालणाऱ्याकडे नेण्याचा सल्ला दिला आहे. आईला कोणाचा संसर्ग झाला असेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कोणाचाच नाही. आपल्या आईला लहानपणी कांजिण्या झाल्या असतील. त्याच विषाणूची ही दुसरी फेरी आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो विषाणू शरीरातून जात नाही, कण्याला लागून असलेल्या मज्जातंतूंच्या गंडिकांमध्ये, म्हणजे पेशींच्या पुंजक्यांमध्ये, तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. त्याला ओळखणाऱ्या टी-पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या लिम्फोसाइट पेशींचा, पहारा उतारवयात विरळ होतो. अशा वेळी एखाद्या गंडिकेतील विषाणू जागा होतो आणि त्याच मज्जातंतूने कातडीपर्यंत येतो. पुरळ येण्याच्या आधी दोन-चार दिवस त्या पट्ट्यात आग होते, ती यामुळेच.

विळखा का जुळत नाही, याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. कण्यातून निघणारा प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळतो आणि पोटाच्या मध्यरेषेवर येऊन थांबतो. म्हणून नागीणही तेथेच थांबते, मंत्र घातला तरी आणि न घातला तरी. पुरळ दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरणे ही दुर्मीळ गोष्ट असून ती ज्यांची प्रतिकारयंत्रणा एचआयव्हीने, कर्करोगाने किंवा त्यावरील औषधांनी खचली आहे अशा रुग्णांत अधिक दिसते. असे रुग्ण दगावताना पाहूनच ही समजूत रूढ झाली असावी, असे मला वाटते.

पुरळ आल्यापासून बहात्तर तासांच्या आत विषाणूरोधक गोळ्या सुरू करणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण विषाणू फैलावत असतानाच त्या कामी येतात. अ‍ॅसायक्लोव्हिर हे त्यांतील जुने औषध मला फार देखणे वाटते. ते पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. विषाणूने बाधलेल्या पेशीत शिरल्यावर विषाणूचेच एक विकर त्याला सक्रिय करते आणि मग ते विषाणूची नक्कल थांबवते. निरोगी पेशींना त्याची झळ फारशी लागत नाही. उशीर झाल्यास पुरळ जाते, पण त्या पट्ट्यातील वेदना कित्येक महिने राहू शकते. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास डोळ्याला धोका असतो, तेव्हा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. ज्या बाळाला कांजिण्या झालेल्या नाहीत किंवा ज्या गरोदर स्त्रीला त्या झालेल्या नाहीत, त्यांना फोडांतील पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये. त्यांना नागीण होणार नाही, कांजिण्या होऊ शकतील. पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची लसही आता भारतात मिळते. आई बरी झाल्यावर तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि गोळ्या रोज घ्याव्यात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : रोज घेण्याचे कारण मला दिसत नाही. प्रतिकारयंत्रणा हे पाण्याच्या टाकीसारखे भांडे नव्हे की जेवढे भराल तेवढे बरे. ती अति झाली की दमा, अ‍ॅलर्जी आणि आमवात हे आजार होतात. कोविडच्या गंभीर रुग्णांत फुप्फुसांचे बरेच नुकसान शरीराच्या स्वतःच्या बेफाम दाहामुळे होत होते. म्हणूनच जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत ऑक्सिजनवरील रुग्णांचे मृत्यू कमी करणारे औषध ठरले ते डेक्सामेथासोन, म्हणजे प्रतिकार दडपणारे. पुरेशी झोप, पोटभर प्रथिनयुक्त आहार, ताब्यात असलेला मधुमेह आणि तंबाखूपासून दूर राहणे यांनी यंत्रणा नीट चालते. लहान मुलांच्या बाबतीत गोवराची लस तर विशेष महत्त्वाची, कारण गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच बाधतो आणि आधीच्या रोगांची शरीराला असलेली ओळख मोठ्या प्रमाणात पुसून टाकतो. नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास ती लस देऊन जी प्रतिकारशक्ती वाचते, ती कोणत्याही काढ्याने भरून येणारी नाही.

प्रश्न : आईच्या दंडावर लशीचे दोन वण आहेत, माझ्या एक आणि येथे जन्मलेल्या माझ्या मुलाच्या एकही नाही. नोकरीसाठी केलेली क्षयरोगाची कातडीवरची चाचणी माझ्या बाबतीत सकारात्मक आली, पण छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. याचा त्या वणाशी संबंध आहे का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : संबंध असू शकतो. आईचा एक वण देवीच्या लशीचा आहे. ती लस भारतात पहिल्यांदा १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली आणि देवीचा रोग संपल्यावर देणे थांबले, म्हणून आपल्या दंडावर तो वण नाही. दुसरा वण बीसीजीचा, क्षयरोगाच्या लशीचा. या लशीत जिवंत पण दुबळे केलेले जिवाणू असतात. त्यांच्याभोवती टी-पेशी आणि भक्षकपेशी जमून दोन-तीन आठवड्यांनी पुटकुळी येते, ती फुटते आणि वण राहतो. बालकांना मेंदूच्या आवरणाचा आणि सर्वांगात पसरणारा क्षयरोग होऊ नये, यासाठी ही लस भारतात जन्मतःच देतात. क्षयरोगाचे प्रमाण कमी असल्याने अमेरिकेत ती सर्रास दिली जात नाही.

कातडीवरील चाचणीत क्षयाच्या जिवाणूंच्या प्रथिनांचे मिश्रण टोचतात. त्यांतील बरीच प्रथिने बीसीजीच्या जिवाणूतही असल्याने लस घेतलेल्याचे शरीर त्यांना ओळखून सुजते आणि चाचणी फसते. रक्तावरची इंटरफेरॉन गॅमा चाचणी अशी फसत नाही, कारण ती ज्या प्रथिनांवर आधारलेली आहे, ती बीसीजीच्या जिवाणूने फार पूर्वीच गमावली आहेत. आपण ती चाचणी करून घ्यावी. तिचा निष्कर्ष नकारात्मक आला, तर कातडीवरील सूज बहुधा आपल्या वणाचीच होती. सकारात्मक आला, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी शरीरात क्षयाचे जिवाणू सुप्तावस्थेत असण्याची शक्यता आहे, आणि ते जागे होऊ नयेत म्हणून काही महिन्यांची गोळ्यांची उपाययोजना तेथील डॉक्टर सुचवतील.